आधीच धुतलेले पाय

लेंट लागला की आमच्या मंडळीत पायांची यादी लागते.

चर्चच्या व्हरांड्यात काचेचा एक फळा आहे. एरवी त्यात कुणाच्या लग्नाची नाहीतर मयताची खबर असते. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस निम्मे सरले की तिथं सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरातला कागद येतो: पवित्र गुरुवारी पाळकसाहेब ज्यांचे पाय धुणार, त्या बारा जणांची नावं. मी आत जात नाही, पण कागद रस्त्यावरून दिसतो. काल मार्केट यार्डाकडून येताना सायकल फाटकाला टेकवली आणि वाचला. बारातली नऊ नावं तीच, सात वर्षांपूर्वीची. इतक्यांदा धुतलेत हे पाय की त्यांच्यावर आता रेषासुद्धा राहिल्या नसतील.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वधस्तंभावर जायच्या आदल्या संध्याकाळी येशूनं कमरेला रुमाल बांधला आणि आपल्या शिष्यांचे पाय धुतले. दिवसभर धुळीत चाललेले पाय, आणि धुणारा त्यांचा गुरू. त्याची आठवण म्हणून वर्षातून एकदा पाळकानं बारा जणांचे पाय धुवायचे, एवढीच ती गोष्ट. आमच्या लोकांनी तिचं काय केलं? बारांत नाव येणं हा मान ठरवला. मग त्या मानासाठी रुसवेफुगवे. मग पाळकसाहेबांना घाण वाटू नये म्हणून पाय घरून धुऊन यायची रीत. नुसते धुऊन नव्हे, न्हाणीघरातल्या पितळी वज्रीनं टाचा खसाखसा घासून, भेगांत खोबरेल भरून, नखं कापून, वर नवे कोरे मोजे चढवून. चर्चमध्ये मोजे काढायचे, परातीवर पाय धरायचा, साहेबांनी चमचाभर पाणी सोडायचं आणि टॉवेल टेकवल्यासारखा करायचा. तो टॉवेल न मळता घडी होऊन पुन्हा कपाटात. माझ्या लहानपणापासून तो एकच टॉवेल होता. देवाच्या पुत्रानं कमरेला बांधला त्याची ही आमच्याकडची आवृत्ती, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची.

आमच्याकडे लेंट उन्हाबरोबर येतो. घोडनदीचं पाणी मागं मागं सरत डोहांपुरतं उरतं, मधल्या वाळूत कलिंगडाचे वेल पसरतात. निंबाला मोहर येतो आणि सगळ्या गल्लीला तो कडवट गोड वास. बायका ओट्यावर चिंचा फोडत बसतात. नगर रस्त्यावरून उसाच्या गाड्या जातात आणि मागं पाचट उडत राहतं. आणि संध्याकाळी घरोघरी उपवासाच्या प्रार्थनासभा. आज यांच्याकडं, उद्या त्यांच्याकडं. उपवास कसले? कांदाभजी, चिवडा, बेकरीचा केक, आणि कुणी दोन पदार्थ केले की पुढच्या घरी तीन. एका बाईनं गुलाबजाम केले त्या वर्षी पंधरा दिवस त्यावर चर्चा झाली. येशूच्या दुःखसहनावर तेवढी कधी झाली नाही. पेटी, पखवाज, डोळे मिटून लांबलचक प्रार्थना, ‘प्रभू, आम्हांस सेवेची संधी दे.’ सात वर्षांपूर्वी मी वीस वर्षांची होते. डोळे उघडे ठेवून बघायची. संधी बाहेर चपलांपाशी बसलेली असायची आणि हे तिला ओलांडून घरी जायचे.

त्या वर्षी मी पत्रकं लिहायला शिकले होते. शिकवलं आमच्या गल्लीच्या पलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या मुलांनी. नळकोंडाळ्यासाठी मोर्चा होता, त्यांना मुलींची अक्षरं हवी होती. मी आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीनं सलाम म्हणायची, ते जयभीम म्हणायचे, मग आम्ही सायक्लोस्टाइलची शाई एकमेकांच्या शर्टाला पुसायचो. तिथं मला कळलं की राग नीट मांडता येतो. वर ठळक मथळा, खाली चार प्रश्न, शेवटी मागणी. तेव्हापासून मला जग मथळ्यांत दिसू लागलं.

आणि रिबकामावशी मला मथळ्यासारखी सापडली.

मावशी माझी नात्यातली नव्हे, सगळ्या मंडळीचीच मावशी. दवाखान्यात ड्रेसर म्हणून जन्म घालवलेला, नवरा गेलेला, थोरला मुलगा गेलेला, धाकटा चाकणला. रिटायर झाल्यावर माणसं कोंबड्या पाळतात. हिनं ऊसतोड्यांचे पाय पाळले. त्या साली एक टोळी खुटबावच्या शिवारात उतरली होती. कुणाला कोयता लागलेला, कुणाच्या पायात धसकट शिरलेलं. मावशी एक दिवसाआड न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी सकाळची एसटी धरायची. मांडीवर पिशवी, पिशवीत उकळून वाळवलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या. मी तीन आठवडे तिच्याबरोबर गेले. मला त्यावर लिहायचं होतं.

टोळीच्या पाचटाच्या झोपड्यांपुढं, कोप्यांपुढं, पारू नावाची बाई बसलेली असायची, बीडकडची, माझ्याहून थोडीच मोठी. ऊस तोडलेल्या रानात अनवाणी चालताना धसकट तिच्या टाचेतून आरपार गेलं होतं. पहिल्या दिवशी जखमेत जे वळवळत होतं ते पाहून मी निंबाखाली जाऊन ओकले. मावशीनं ते चिमट्यानं वेचलं, डाळीतले खडे वेचावेत तसं.

“ह्या कोण?” पारूनं माझ्याकडं बघत विचारलं.

“ही लिहिती,” मावशी म्हणाली.

“काय लिहिती?”

“कुणाला ठाव. लिहिती खरी.”

पारू हसली आणि हसताना पाय हलला. “मावशी, तुमचा देव तुम्हाला रोज किती देतो हो ह्याचा?”

“दम देतो. पाय हालवू नको.”

मी सगळं वहीत उतरवत होते. मावशीनं दोनदा म्हटलं, सरोज, जरा हितं बोट धर. मी म्हटलं, एक मिनिट मावशी, हे वाक्य राहील. तिनं दातात पट्टीचं टोक धरून गाठ मारली.

आता एक दिवसाआड म्हटलं की त्यात रविवार येणारच. मावशीच्या उपासना चुकू लागल्या. आमच्याकडे हजेरीची वही आहे आणि ती दावीदमामांकडं असते. दावीदमामा म्हणजे सेक्रेटरी, रिटायर्ड हेडमास्तर, आयुष्यभर पोरांची हजेरी घेतलेला माणूस. देवाच्या घरी आल्यावरही त्यांना दुसरं काही सुचलं नाही. एका घरसभेनंतर भज्यांची बशी हातात धरूनच ते मावशीला म्हणाले, “रिबकाबाई, लेंटमधले तुमचे तीन रविवार गेले.”

“व्हय मामा. जखम एक दिसाआड बघाया लागती. तिला रविवार कळत न्हाई.”

“मंडळीला नियम आहे. तीन खाडे झाले की गुरुवारी कठड्याशी येता येत नाही.”

कठडा म्हणजे वेदीपुढचा लाकडी कठडा. तिथं गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यायचं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. मला वाटलं मावशी भांडेल. किड्यांनी भरलेल्या पायाला न घाबरणारी बाई. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, ‘बरं’ म्हणाली आणि चपला शोधू लागली. तिला समोरच्या चपला सापडेनात.

दुसऱ्या दिवशी एसटीनं न्हावरं सोडलं. मावशी खिडकीकडं तोंड करून म्हणाली, “चाळीस वर्सं झाली. गुरुवारची भाकर एकदा बी चुकली न्हाई. थोरला गेला, त्याला मूठमाती देऊन आले, तवा बी चुकली न्हाई.”

मी पेटलेच. “सोडा हो मावशी ती मंडळी! त्या ढोंग्यांच्या तुकड्याची तुम्हाला काय गरज?”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं पारू माझ्या वहीकडं पाहायची. “त्यांचा कुठं हाय गं तो तुकडा?”

मी वही उघडली. मला मथळा सुचला होता.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी उपदेश केला. विषय काय, तर देवाच्या चरणी शांत बसणं हे कामाच्या धावपळीपेक्षा श्रेष्ठ. साहेब भला माणूस, असं सगळे म्हणतात. भला म्हणजे दावीदमामांनी सांगितलेला विषय निमूट घेणारा. त्यांच्याकडं आमची शिरूरची आणि दौंडची अशा दोन मंडळ्या होत्या, स्कूटर एक, आणि स्वतःचं मत एकही नाही. बारांतले बारा पहिल्या बाकावर शांत बसले होते. श्रेष्ठच होते ते. त्यांतल्या दोघांना तर इतकं श्रेष्ठत्व आलं की मान छातीवर पडली आणि घोरणं ऐकू आलं.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पवित्र गुरुवारच्या चार दिवस आधी, मंडळी शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन गात बाहेर पडली आणि फाटकात मी उभी. शंभर पत्रकं. मथळा: बारा पाय कुणाचे? खाली चार प्रश्न. वज्रीनं घासलेल्या पायांना धुण्याची गरज काय? ऊसतोडणीच्या फडावर पाय सडत असताना परातीत कोण बसतं? जी बाई रोज पाय धुते तिला भाकर का नाही? चौथा प्रश्न इथं लिहीत नाही, तो दावीदमामांच्या खानदानाबद्दल होता आणि वाईट होता. शेवटी मागणी: रिबकाबाईंना कठड्याशी मान द्या. बारांत एक तरी ऊसतोड कामगार बसवा, खुटबावच्या पारूबाईसारखा.

लोकांनी झावळ्या काखेत धरून वाचलं. मला शिव्या येतील म्हणून मी मान ताठ करून तयार. दावीदमामांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, कागदाची चौकोनी घडी घातली आणि म्हणाले, “सूचना योग्य आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे मान्य. दोन्ही. लाल पेनानं दुरुस्त करायला फक्त शुद्धलेखनच आहे.”

मी त्या दिवशी घरी नाचत गेले. आज त्या नाचाची मला किळस येते. कसलेला माणूस होता तो. त्याला कळलं होतं की मला काय हवंय. मला पारूची टाच बरी व्हायला नको होती, ती परातीत दिसायला हवी होती. त्यालाही आता तेच हवं होतं. आमच्यात भांडणासारखं काही उरलंच नव्हतं.

मावशीला पत्रक दाखवलं तर तिनं नाव वाचून कपाळाला हात लावला. “माझं नाव कशाला घातलंस पोरी? आन् तिचं?” पण मग हळूच विचारलं, “म्हंजी गुरुवारी देतेत मला?” मी म्हटलं, हो, देताहेत. तिनं त्या दुपारी पेटीतलं पांढरं पातळ काढून निळीत बुडवलं. दोरीवर वाळेपर्यंत ती त्याच्यापाशी उभी होती, कावळ्याचं निमित्त करून.

पवित्र गुरुवारी दुपारी दावीदमामांनी कुणाची तरी जीप पाठवून पारूला आणवलं. मावशी चर्चमध्ये तासभर आधी जाऊन बसली होती, मागच्या बाकावर, डोळे मिटून. पारूची जखम भरत आली होती. मावशीच्या भाषेत ‘गुलाबी मास’ आलं होतं आणि पाणी लागू द्यायचं नाही अशी ताकीद होती. टाचेवर पाणी न घेता बोटांवर सोडा, एवढं तिनं पाळकसाहेबांना बजावूनही ठेवलं होतं. पण चर्चमागच्या नळाशी पायांची तपासणी असते, हे तिला कुठून ठाऊक? ती कधी बारांत नव्हती. मलाही ठाऊक नव्हतं. दावीदमामा तिथं उभं राहून बाराही जणांचे पाय बघतात, हजेरी बघावी तसे. त्यांना पट्टी दिसली. आत टॉवेल पांढरा, परात चकचकीत, दौंडहून पाहुणे आलेले.

“ही पट्टी काढ बाई. आणि हे घे, नीट घासून ये.”

पारू नंतर मला म्हणाली, मला वाटलं तुमच्या देवाचा नियम असंल. तिनं पट्टी सोडली आणि मामांनी दिलेल्या वज्रीनं टाच घासली. एवढ्या मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून जोर लावून घासली. वरून मोजा चढवला. मोजाही त्यांचाच, नवा.

आत नवव्या की दहाव्या खुर्चीवर ती बसली. पाळकसाहेब गुडघ्यावर सरकत एकेक पाय करत आले, चमचाभर पाणी, टॉवेल. पारूचा मोजा निघेना. साहेबांनी ओढला तशी टाचेला चिकटलेली वरची सगळी कातडी त्याच्याबरोबर आली. परातीत रक्त पडलं. साहेबांचे दोन्ही हात वर गेले, पोळल्यासारखे. टॉवेल बाजूला फेकला गेला, मळू नये म्हणून. मी शपथेवर सांगते, पहिल्यांदा त्यांनी टॉवेल वाचवला.

पेटी थांबली. मागच्या बाकावरून मावशी उठून आली. साहेबांना म्हणाली, “टाच वर धरा. वर. काळजाच्या वर.” साहेबांनी धरली नाही. मावशीनं टॉवेल उचलला, टाचेवर दाबला आणि पारूला कवेत धरून बाजूच्या दारानं नळाशी नेलं. मी मागं धावले. मागून दावीदमामांचा आवाज आला, हलका, पण मला ऐकू आला: “चालू ठेवा साहेब.”

आणि त्यांनी चालू ठेवलं.

नळाशी पारू कुडकुडत होती, चैत्राच्या उन्हात. “मावशी, मी काय चुकले का? माझा पाय कशाला लागतो ह्यांच्या देवाला?” मावशी दोन्ही अंगठ्यांनी टाच दाबून बसली होती. निळीचं पातळ लाल होत गेलं. आतून गाणं ऐकू येत होतं, मग गाणं संपलं, मग साहेबांचा आवाज, पुरुषांनी पुढं यावं. मावशीनं मान वळवली. पुरुष झाले. आता स्त्रियांनी पुढं यावं.

“मावशी, तुम्ही जा,” मी म्हटलं. “मी धरते.”

“कुठं दाबायचं ठाव हाय का तुला?”

मी खाली बसले, हात पुढं केला. तिनं अंगठा जरा सोडला, मी दाबलं, आणि माझ्या बोटांखालून रक्त भळकन आलं. पारू ओरडली. मावशीनं माझा हात झटकून पुन्हा स्वतःचा ठेवला. तीन आठवडे मी त्या पायाशेजारी बसले होते. त्या पायाबद्दल माझ्याकडं अठरा पानं होती.

रक्त थांबलं, पट्टी झाली, तोवर आत आशीर्वाद झाला होता. मावशी हात धुऊन दारापर्यंत गेली. उंबऱ्याच्या आत नाही गेली. दावीदमामा टेबलावरचं कापड घडी करत होते.

“झालं ना हो रिबकाबाई. उरलेलं साहेबांनी आणि मी संपवलं. ठेवता येत नाही, नियम आहे.”

“रविवारी, ईस्टरला?”

“ईस्टरला साहेब दौंडला. भाकर यंदा तिकडं.”

ईस्टरच्या रविवारी मावशी खुटबावला होती. जखम पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर मी त्या दारातून आत गेले नाही. पत्रकं मात्र लिहिली, पुष्कळ लिहिली, धरणग्रस्तांची, कंत्राटी कामगारांची. दावीदमामा अजून सेक्रेटरी आहेत, पाय अजून घासले जातात. पाळकसाहेब बदलून गेले, नवे आले, तेही भले आहेत. टॉवेल तेवढा नवा घ्यावा लागला. माझ्या मते त्या मंडळीच्या इतिहासात तो एकच टॉवेल कामाला आला.

काल यादी वाचून मी थेट मावशीकडं गेले. आता तिला खाटेवरून उठायला दोन हिसके लागतात. मी तिला नऊ नावं वाचून दाखवली, तोंडानं जमेल तेवढी त्यांची अब्रू उतरवली. ती चिंचेतले चिंचोके काढत होती. मग मी जे सात वर्षं मनात घोळवत होते ते बोलले. म्हटलं, मावशी, खरं सांगू, त्या दिवशी खरं प्रभुभोजन नळाशी झालं. आत जे झालं ते नाटक होतं. भाकर तुम्हालाच मिळाली.

मला वाटलं तिला भरून येईल.

तिनं चिंच खाली ठेवली. “असलं तू कागदावर लिही. मला सांगू नको.”

“पण मावशी...”

“पण न्हाई आन् बिन न्हाई. पारूचा पाय पायच हुता आन् भाकर भाकरच हुती. पाय धरला, ते ठीक केलं, परत बी धरीन. पर भाकर मला पायजे हुती. सत्तेचाळीस वर्सांत येकच चुकली, आन् अजून आठवलं की हितं दुखतं. तुला वाटतं दोन शब्दांत भागंल?”

बाहेर कुणीतरी निंबाच्या डहाळ्या ओढत नेत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“ह्या गुरुवारी पाच वाजता ये,” ती म्हणाली. “मला कठड्यापतुर न्ह्याया कुणी न्हाई.”

“मावशी, मी त्या दारातून आत येणार नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“तुझ्याबद्दल कोण बोलतंय? गुडघे टेकाय मला जमतंय, उठाय न्हाई जमत. मामा उठवत्यात का मला? का त्यांच्या वहीत तसा नियम हाय?”

मग तिनं माझं मनगट पकडलं, माझा हात आपल्या काखेखाली नेला आणि दुसरा कमरेमागं ठेवला. तिचं वजन इतकं कमी होतं की मी दचकले.

“हितं धरायचं. वर ओढायचं न्हाई, मी उठते तशी संगं यायचं. कर बघू.”

मी केलं. चुकलं.

“परत,” मावशी म्हणाली.